जोडवी घातलेली अक्षरं

पुष्पावतीनं ती पत्रिका दोन बोटांच्या चिमटीत धरली, मेलेली पाल शेपटीला धरून बाहेर टाकायला न्यावी तशी, आणि म्हणाली, "आज्जी, हे अक्षर बेडा. नकोच. वैकुंठ समाराधनेच्या कार्डासारखं दिसतं." जानकीबाईंच्या चिमटीत भिजवलेला अवरेचा, म्हणजे पावट्याचा, दाणा होता. तो सालातून निसटला तो परातीत पडायचा सोडून थेट छापखान्याच्या उंबऱ्यापलीकडं जाऊन पडला. नातीचं लग्न तोंडावर आलेलं, आणि तिच्या तोंडात तेराव्याच्या जेवणाचं बोलावणं! जीभ आहे की पायताण, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं, आणि एरवी ओठांवर आलेलं त्यांनी कधी परत गिळलं नव्हतं. शिवरामपेठेत त्यांच्या तोंडाला न भिणारं एकच होतं, ते म्हणजे छापखान्यातलं पायानं चालवायचं मशीन, कारण ते त्यांच्यापेक्षा मोठ्यानं बोलायचं. पण आज नजर आधी पत्रिकेवर गेली. नातीनं दुसऱ्या हातातली पत्रिका पुढं केली होती. "हे बघ, हे नवं. अप्पांनी बेंगळूरहून नमुना छापून आणवलाय. किती स्वच्छ दिसतं की नाही?" जानकीबाईंना इंग्रजी येत नव्हतं. मराठीसुद्धा आरतीच्या पुस्तकापुरतं, तेही बोट ठेवून. पण पत्रिकेच्या अगदी तळाशी छापखान्याचं नाव असतं ती एक इंग्रजी ओळ त्यांना झोपेतून उठवून विचारली असती तरी वाचता आली असती: श्री जानकी प्रेस, मायसोर. या नव्या पत्रिकेतही ती होती. अक्षरं तीच, क्रम तोच. पण एकाही अक्षराला पाय नव्हता. घोट्यातून तोडून ठेवल्यासारखी ती कागदावर उभी होती, आणि तशा अवस्थेतही नीटनेटकी दिसत होती, हेच जास्त भयंकर.

अक्षराला पाय असतात हे त्यांना मानाजीरावांनी दाखवलं होतं. लग्न होऊन आल्याला महिनाही झाला नसेल. दुपारी मशीन थांबल्यावर त्यांनी तिला आत नेलं, लाकडी खणांच्या समोर उभं केलं आणि तळव्यावर शिशाचं एक अक्षर ठेवलं. थंडगार, आणि एवढंसं असून जड. "बोट फिरव. खाली काय लागतं?" उभ्या दांड्याच्या तळाशी तिच्या बोटाला दोन्ही बाजूंना किंचित बाहेर आलेली बारीक आडवी रेघ लागली. ती म्हणाली, "जोडवी." ते इतके हसले की सुब्बराव कंपोझिटर पडद्याआडून डोकावला. मग ते म्हणाले, बघ, बरोबर ओळखलंस. आपलं मराठी अक्षर डोईवरून पदर घेतं. कानडी अक्षर कपाळावर तलेकट्टू मिरवतं, तुऱ्यासारखा. या इंग्रजी अक्षराचं डोकं उघडं, पण पायात जोडवी. घरंदाज अक्षर आहे. उभी रेघ जाड, तिरपी बारीक, जिथं जोर द्यायचा तिथंच देणार. आणि जोडव्याला जोडवं लागून ओळीत अशी बसणार की वाचणाऱ्याचा डोळा पंगतीतल्या वाढप्यासारखा सरळ पुढं जाईल, कुणाच्या पानावर पाय पडायचा नाही. सर्कशीच्या जाहिरातीला बिनपायाची लाकडी अक्षरं असतात. ती ओरडतात. ही बोलतात. आणि मग, तिच्याकडं न पाहता, ती ओळ सुतळीनं बांधून ठेवलेली असायची ती उचलून त्यांनी तिच्या हातात दिली होती. "हे काय आहे माहीत आहे? तुझं नाव. मैसूरातल्या प्रत्येक लग्नात जाणार हे, पायात जोडवी घालून."

आणि गेलं होतं की! लग्नाच्या पत्रिका, मुंजीच्या, डॉक्टरांचे दाखले, वकिलांच्या नोटिसा, राजवाड्यातल्या कारभाऱ्यांची भेटीची कार्डं, दसऱ्याच्या प्रदर्शनाची पत्रकं, आणि हो, तेराव्याची कार्डंही. माणूस जन्माला आला, शिकला, भांडला, मेला, की तळाशी जानकी. कुणाच्या लग्नाला गेल्या की जानकीबाई अक्षता हातात घ्यायच्या आधी पत्रिका उलटी करून तळ बघायच्या. ओळ दिसली की शेजारणीला कोपरानं ढोसायच्या, "वाच की, खाली काय लिहिलंय?" आणि दुसऱ्या कुठल्या छापखान्याची असली की त्या लग्नातला भात कच्चा असायचा आणि नवरा मुलगा तिरळा. राज्यं नव्यानं वाटली गेली त्या वर्षी मानाजीराव गेले. बायकांनी हिचा पाय मांडीवर घेऊन जोडवी काढली तेव्हा एक निघेना, बोटात रुतलेलं, साबण लावावा लागला. तेव्हा डोळ्यांतून पाणी काढलं नाही हिनं. आत मशीनपाशी ती ओळ आहे, तिच्या पायांतली कुणाच्या बापाला काढता येत नाहीत, असं मनाशी धरून पाय पुढं करून बसली होती. नंतर छापून झालेली अक्षरं खणांत परत टाकायचं काम तिनंच अंगावर घेतलं. उच्चार एकाही अक्षराचा ठाऊक नाही, त्या एका ओळीतले सोडून; पण चेहरा बघून प्रत्येक अक्षर ज्याच्या त्याच्या घरी पोचवायची. मुलगा, नागराज, मोठा होईपर्यंत छापखाना तिच्या तोंडावर आणि त्या ओळीवर चालला.

जानकीबाई उठल्या. हाताला अवरेचा वास तसाच. उंबरा ओलांडून मशीनपाशी गेल्या. नागराज पायपट्टीवर पाय मारत होता. कडेला सुब्बराव, आता पाठ वाकून धनुष्य झालेला, जुने खण रिकामे करून अक्षरं गोणपाटावर ओतत होता. शिसं पडल्याचा आवाज पावसासारखा येत नाही, दात पाडल्यासारखा येतो.

"नागा, माझ्या नावाचे पाय कुणी तोडले?"

"आई, कामाच्या वेळेला नको ग. उद्या सकाळी बेंगळूरची गाडी येतेय. जुनं शिसं मोडीत घालून नवं अक्षर घ्यायचं ठरलंय. सगळ्या मैसूरात हेच चाललंय आता."

"सगळ्या मैसूरानं डोई भादरली म्हणून आपण वस्तरा शोधायचा? आणि लेकीच्या पत्रिकेवर? मुंडकी आहेत, पाय नाहीत. भुताचे तरी उलटे का होईना, असतात."

"राज्याचं नाव बदललं की, आई. मैसूर गेलं, कर्नाटक आलं. कुणाच्या पोटात दुखलं?"

"राज्याला लग्न करून कुणी आणलं नव्हतं," जानकीबाई म्हणाल्या. "बाकीचं सगळं ओत भट्टीत. माझी ओळ राहील. पायांसकट. तुझ्या अण्णांनी ती माझ्या हातात दिलीय. माझ्या पायांतली काढलीत तेव्हा हूं की चूं केलं नाही मी. या ओळीतली काढून देणार नाही."

"अम्मा, बिडी, होगली," सुब्बराव पुटपुटला. जाऊ द्या, सोडा. त्यात विनवणी होती आणि तिचा रोख कुणाकडं होता ते कळत नव्हतं. नागराजनं पाय थांबवला. सकाळपासूनचा शिणलेला, घामानं कपाळावर शाई ओघळलेली. तो ओरडलासुद्धा नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, जानकीबाईंना उलट ओरडता आलं असतं. तो कंटाळून म्हणाला, "तुझं नाव, तुझं नाव! अग, ते तुझं नाव नव्हेच की. बोर्ड अगोदरचा आहे."

पाय थांबला तरी मशीनचं मोठं चाक आपल्या वेगानं फिरत राहिलं. कागद नसताना जबडा उघडत होता, मिटत होता. चाक थांबलं तशा जानकीबाई सुब्बरावाकडं वळल्या. मग त्यांनी लेकाकडं पाहिलंच नाही. "सुब्बराव, तुम्ही सांगा."

"अय्यो अम्मा, ते हळेदु. फार जुनं."

"मीही जुनीच आहे. सांगा."

सुब्बरावानं हातातला खण हळूच खाली ठेवला. त्याचं मराठी या घरातच शिकलेलं, कानडीच्या कुबड्या घेऊन चालणारं. व्यासराज म्हणून मालक होते, अम्मा. त्यांनी छापखाना विकला. मशीन, खण, दारावरचा बोर्ड, आणि ही ओळ, बांधलेली, जशीच्या तशी. यजमानांनी घेतला, तुमचं लग्न ठरलं होतं तेव्हा. सगळे म्हणाले, बोर्ड बदला, कार्डावरची ओळ बदला, आपलं नाव घाला. इथं त्याला हसू आलं, जुनं, चुकून आलेलं, आणि ते त्यानं पंच्याच्या टोकानं पुसलं. "यजमान म्हणाले, बोर्डापेक्षा बायकोचं नाव बदलणं सोपं. एवीतेवी लग्नात बदलायचंच असतं. आम्ही सगळे हसलो."

"कोण होती ही जानकी?"

"गोत्तिल्ल, अम्मा. ठाऊक नाही. व्यासराजांची आई असेल. मुलगी असेल. देवी असेल नुसती."

"आणि तुला कुणी सांगितलं?" हे नागराजला, पाठ फिरवूनच.

"अण्णांनीच. गंमत म्हणून सांगायचे की. सगळ्यांना ठाऊक आहे, आई. मला वाटलं, तुलाही असेल."

सगळ्यांना. जानकीबाई उंबऱ्यावर परत येऊन बसल्या आणि दाणे चिमटू लागल्या. साल एकीकडं, दाणा एकीकडं, बोटांना डोकं लागत नाही. परातीत गोरेगोमटे दाणे साठत होते आणि त्यांना मांडवातली परात दिसत होती, तांदळाची. बेट्टदपुरच्या डोंगराखाली बापाचं रंगाऱ्याचं घर, अंगणात नीळ आणि मंजिष्ठेच्या माठांचे डाग, त्यावरच मांडव घातलेला. तिचं माहेरचं नाव सोयरा. बापानं हौसेनं ठेवलेलं. रंग सोयरा असावा, म्हणायचा, कापडाला एकदा लागला की सोडून जाऊ नये. नवऱ्यानं बोटातली अंगठी काढून तांदळात बायकोचं नवं नाव लिहायचं असतं. बाकीचे नवरे लाजतात, अडतात, बहिणीकडं बघतात, बायका नावं सुचवून सुचवून त्याला हैराण करतात. या माणसानं परात पुढं आली तशी अंगठी काढली आणि एका दमात लिहून मोकळा झाला. बायका ओरडल्या, अग बया, ठरवूनच आलाय की! कधीचं पोटात ठेवलं होतंस रे? तो हसला होता. खाली मान घालून बसलेल्या सोयराच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. एवढी वर्षं, जोडवं निघत नव्हतं त्या दिवशीसुद्धा, तिनं ते क्षणभरही न अडखळणं उराशी धरलं होतं. दुसऱ्या बायकांचे नवरे अडखळले. माझा नाही अडखळला. अडखळेल कशाला? बोर्ड वाचून आला होता.

मग तो खरंच वाईट होता का? तसं म्हणायला तोंड उघडावं तर तोंडच उघडेना. कधी हात उचलला नाही, कधी उपाशी ठेवलं नाही, हाक मारायचा ती तीन घरं पलीकडं ऐकू जाईल अशी, जानकीऽ, आणि त्या हाकेतली माया खोटी असेल तर मग गाईच्या हंबरण्यावरही संशय घ्यावा लागेल. पण हाक कुणाला होती? त्यानं ओळ तळव्यावर ठेवली, तुझं नाव म्हणाला, आणि तिच्याकडं पाहिलं नाही. ते न पाहणं त्यांना आजवर लाजणं वाटत होतं. आता तेच न पाहणं उलटं करून बघता येत होतं, आणि उलटंही तितकंच चपखल बसत होतं. पडद्याआडून डोकावलेला सुब्बराव हसला होता तो कशाला? लग्नात कोपरानं ढोसल्यावर शेजारणी ओळ वाचायच्या आणि पदर तोंडाला लावायच्या तो कशाला? जाऊबाईंनी एकदा पंगतीत म्हटलं होतं, "अहो, तुमचं काय बाई, बोर्डावरचं नाव!" तेव्हा हिनं मान ताठ करून दुसऱ्यांदा तूप वाढून घेतलं होतं. हसणारे बहुतेक सगळे आता मेले होते. मेलेल्यांच्या हसण्याला उत्तर कुठं जाऊन द्यायचं?

आणि बाप. लग्नानंतर पाचसहा वर्षांनी एकदा मैसूरच्या बाजारात ठशांसाठी सागवान घ्यायला आला होता. देवराज मार्केटाच्या फुलांच्या गल्लीत ती मल्लिगे घेत उभी होती. मागून कुणीतरी दोनदा हाक मारली, सोयरा, ए सोयरा. तिनं मान वळवली नाही. रागानं नव्हे, तिला ती हाक आपली वाटलीच नाही; गर्दीत कुणीतरी कुणाला तरी बोलावत होतं. बाप समोर येऊन उभा राहिला तेव्हा तिनं ओळखलं.  तो तिच्या लुगड्याचा काठ चिमटीत धरून, रंगाऱ्यानं दुसऱ्याचं कापड बघावं तसा बघत राहिला, आणि म्हणाला, "रंग बरा धरलाय की." तेव्हा तिला वाटलं होतं, लुगड्याचं बोलतोय.

जेवणं झाली. अवरेची आमटी चांगली झाल्याचं पुष्पावतीनं दोनदा सांगितलं. आज्जी रागावलीय तर ती पत्रिकेच्या त्या शब्दावरून, असंच पोरीला वाटत होतं, आणि तिची समजूत काढायला काही सांगावं असं जानकीबाईंना वाटलं नाही. पोरीचं काय चुकलं होतं? तिला ते अक्षर मेलेल्या माणसाचं वाटलं. डोळे चांगले होते तिचे. दुपारी घर आडवं झालं. नागराज माडीवर, सुब्बराव बाकड्यावर पंचा तोंडावर घेऊन. जानकीबाई उठून आत गेल्या. गोणपाटावर शिशाचा ढीग, करडा, चमक गेलेला, आपापल्या घरांतून काढून एकत्र टाकलेली सगळी अक्षरं. ती ओळ मात्र मशीनच्या कडेला तशीच बांधलेली होती. उचलली. अंगठा फिरवला. श्री जानकी प्रेस, मायसोर. जोडवी जागच्या जागी. आणि या घडीला कुणी त्यांच्या मनात डोकावलं असतं तर तिथं राग सापडला नसता. एखादी बाई परक्या घरात शिरून, तिथलीच म्हणून सगळं आयुष्य वावरून, अचानक भिंतीवरच्या फोटोकडं बघून थबकावी, तसं काहीतरी होतं. जानकी कोणतरी होती. असेल. तिलाही कुणी विचारलं नव्हतं.

त्यांनी सुतळी सोडली.

इंग्रजी त्यांना येत होतं ते या ओळीपुरतंच. म्हणून त्यांनी ओळच हळूहळू म्हणायला घेतली, ओठांतल्या ओठांत, भाजीतले खडे वेचावे तसं. माय-सोर. त्यात सो होता! नागमोडी एक आणि तिच्या पाठीशी तो गोल, गालांना जाड, डोक्याशी नि तळाशी बारीक, ज्याला जोडवी नसतात. मानाजीराव त्याला कुमारीण म्हणायचे. ती दोन उचलून तळव्यावर ठेवली. य? माय म्हणताना शेवटी येतो तो, एका पायावर उभा, दोन्ही हात वर केलेला. तो घेतला. मग अडल्या. जानकीतल्या न ला पुढं ते तंगड्या फाकून उभं राहणारं अक्षर लागतं, मग य लाही लागत असणार. जानकीतून ते काढलं. र मायसोरच्या शेपटाकडं होताच, एक पाय झोकात पुढं टाकलेला. त्याला पुन्हा तंगड्या फाकलेलं. जानकीतलं दुसरंही काढलं. जानकीत आता आवाज उरला नाही, नुसती हाडं राहिली.

बापानं शिकवलं होतं, ठसा उलटा कोरायचा, म्हणजे कापडावर सुलटा उठतो. माणसांचं मात्र उलट असतं. त्यामुळं शिशाची उलटी तोंडं बघून त्या गडबडल्या नाहीत. अक्षरं एकापुढं एक लावली, सुतळीनं करकचून बांधली. उरलेली ओळ मात्र, गाळलेल्या जागा तशाच ठेवून, चिंधीत गुंडाळून जागच्या जागी परत ठेवली. मशीनच्या तबकडीवर शाई होती, त्यावर बोट फिरवून तोंडांना लावली. मग राखी लुगड्याच्या पदराचा आतला कोपरा मशीनशेजारच्या बाकावर पसरला, जिथं बाप प्रत्येक ताग्याला आपली कोयरी उठवायचा तिथंच, आणि तळव्याचा सगळा भार घालून दाबलं. बाकड्यावरचा पंचा हलला. सुब्बराव उठून बसला होता. त्यानं पदराकडं पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडं, आणि ओठ हलवत एकेक अक्षर वाचलं. "हे कोण, अम्मा?"

"गोत्तिल्ल," जानकीबाई म्हणाल्या. "तुम्ही झोपा."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. गोण्यांची तोंडं शिवून हमाल उचलत होते तेव्हा मागच्या अंगणात दगडावर बसून त्या पदराचा तेवढा कोपरा धूत होत्या. रात्रभर शाई सुकलेली. बापाची रीत होती, नव्या ठशाचं पहिलं कापड दुसऱ्या दिवशी पाण्यात घालून चोळायचं, रंग गेला तर तो रंगच नव्हे. नागराज दारात आला. हातात चिंधीत गुंडाळलेलं काहीतरी. कालचा कंटाळा जाऊन चेहऱ्यावर अपराधी नरमाई आली होती, लहानपणी शाई सांडल्यावर यायची तशी.

"आई, ही ओळ बाजूला काढून ठेवली तुझ्यासाठी. घे, तुझं नाव."

"माझं नव्हे ते. व्यासराजाचं कुणी भेटलं तर त्याला दे. नाहीतर घाल गोणीत."

त्यानं उसासा टाकला, चिंधी उलगडली, आणि थांबला. शिशात मध्येमध्ये भोकं होती, दात पडल्यासारखी. "हे काय? यातली अक्षरं कुठं गेली?"

सोयरानं ओल्या कापडावर अंगठा घासला, पुन्हा घासला, आणि पाण्याकडं पाहिलं. पाणी नितळ होतं.

"जिची होती," ती म्हणाली, "तिनं नेली."